फिल्टर अडकलेला नाही

१० मार्च, सोमवार

जगात अन्याय पुष्कळ आहेत. युद्धं, भूकंप, निवडणुका. त्या यादीत आजपासून एकाची भर: माझ्या लेन्सचं झाकण माझ्याच लेन्सवर बसत नाही.

कारण लेन्सवर पोलरायझर फिल्टर आहे, आणि त्या फिल्टरच्या तोंडाला आटे करायला कारखानदार विसरला आहे. झाकण ठेवलं की घसरतं. आज ते पोस्टाच्या काउंटरखाली घरंगळत गेलं. मी युनिफॉर्ममध्ये, गुडघ्यांवर, काउंटरखाली हात घालून. नेमकी तेव्हाच बायको, दोब्रिला, डबा घेऊन आली. विचारते, पोस्टमास्तर कुठे गेले? मी खालूनच सांगितलं, कामात आहेत.

यावर तिचा सल्ला: फिल्टर काढ, झाकण बसेल. किती सोपं!

इथे स्पष्ट लिहून ठेवतो. फिल्टर अडकलेला नाही. मी तो काढत नाही. दोन्हींत फरक आहे. नोव्हेंबरात, ऑलिव्ह उतरवताना, तो दगडावर पडला होता. किंचित. मग मी जरा जोर लावून बसवला, कारण सैल फिल्टर धोक्याचा. त्याची बाहेरची कडी फिरते, म्हणजे फिरायची. समुद्राच्या खाऱ्या तुषारांनी ती आता एका जागी थांबली आहे. पाणी अगदी तळापर्यंत आरपार दिसतं, त्याच जागी. ज्याला योग्य जागा सापडली त्याने फिरायचं कशाला?

१९ तारखेला, सेंट जोसेफच्या सणाला, वाचनालयात माझं भाषण आहे. विषय: ‘पोलरायझर कधी वापरावा?’ उत्तर एका शब्दाचं: नेहमी. आकाश गडद होतं, पानांवरची चकाकी जाते, पाण्यावरची जाते. चकाकी म्हणजे खोटेपणा. खोटेपणा घालवणारं साधन शहाणा माणूस अधूनमधून वापरेल का?

दोब्रिला म्हणाली, मग एक टकलावरही बसव.

शनिवारपासून जुगो वाहतोय. दक्षिणेचा वारा, दमट, डोकं धरणारा. बेटावर येणारी बोट बंद. बोट नाही म्हणून टपाल नाही. पोस्टात मी आणि तिकिटं.


११ मार्च, मंगळवार

बार्बा कुझ्मा पोस्टात आला. बार्बा म्हणजे काका, बेटावरचे सगळे म्हातारे बार्बा. पत्र टाकायचं नव्हतं, आलेलं नव्हतं. टोपी हातात. कुझ्मा टोपी फक्त चर्चमध्ये काढतो, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मी ताडलं.

नेरीना जाणार. नेरीना त्याची होडी, लाकडी, बापाने बांधलेली. कुझ्माने मासेमारीचा परवाना परत केला. गुडघे संपले, मागे चालवणारं कोणी नाही. आता नियम असा आहे की परवाना गेला की होडीही मोडायची. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, अंगणात फुलझाडं लावायला ठेवायची नाही. जुगो थांबला की पहिल्या बोटीने ट्रक येणार आणि तिला धक्क्यावरच कापणार.

त्याआधी त्याला फोटो हवा आहे. कागदावर, मोठा. मोबाईलमधला नको, म्हणाला, तो आत कुठे जातो देव जाणे. आणि मग म्हणाला, पोरा, दोघींचा काढ. जोडीने. एकटीचा नको. एकटी ती कधी नव्हतीच.

दोघी म्हणजे नेरीना आणि त्याची थोरली बहीण फिलोमेना, आम्हा सगळ्यांची तेता, म्हणजे मावशी. उघड आहे.

मी म्हणालो, बार्बा, योग्य माणसाकडे आलात.

हे वाक्य मी जरा मोठ्याने म्हणालो असावं. संध्याकाळी कॉफीला गेलो तर सगळ्या टेबलांवरून ‘या मेश्तर, बसा मेश्तर’. आमच्याकडे मेश्तर सुताराला म्हणतात, गवंड्याला म्हणतात, आणि ज्याला काही येत नाही त्यालाही म्हणतात. मला पहिल्या अर्थाने म्हणाले.


१२ मार्च, बुधवार

आज तालीम घेतली. तेता फिलोमेनाला सणाचा काळा पोशाख घालायला लावला, डोक्याला रुमाल, आणि बांधलेल्या नेरीनात बसवलं. वारा असा की रुमाल एकदा तोंडावर, एकदा समुद्रावर. होडी उसळतेय, म्हातारी कडेला दोन्ही हातांनी धरून माझा उद्धार करतेय. मला या लाकडात कशाला बसवलंयस रे? ट्रक आला की माझेही तुकडे करणार का?

मी म्हणालो, तेता, जरा हसा.

ती म्हणाली, तू पाण्यात पड, हसते.

एवढ्यात कुझ्मा काठी टेकत आला. हिला इथे कुणी बसवलं? मी म्हणालो, तुम्हीच म्हणालात, दोघींचा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पोस्टात कोंबडी तोलायला आणलेल्या माणसाकडे पाहतो. मग काठीने पाण्याकडे दाखवलं. म्हणाला, दोघी म्हणजे ही, आणि खालची.

खालची म्हणजे पाण्यातली. प्रतिबिंब.

त्याला बापाने शिकवलेलं: धक्क्यावर आलास की आधी खाली बघ. खालची नीट उभी असेल तर निघ. वाऱ्याने खालची मोडली असेल तर वरचीने घरीच बसावं. जन्मभर तो असाच समुद्रावर गेला. तेता फिलोमेनाने होडीतूनच पुस्ती जोडली, म्हणून तर आमच्याकडे मासे शेजाऱ्यांकडून यायचे. कुझ्मा म्हणाला, पण मी घरी यायचो ना! यावर तिने रुमालाची गाठ आवळली. त्यांचे दोन भाऊ त्या समुद्रातच राहिले आहेत.

म्हणजे निवांत पाणी हवं. जुगो संपल्यावर आणि बोट येण्याआधी. एक सकाळ मिळेल.

घरी येऊन शांतपणे विचार केला. पोलरायझर पाण्यावरची चकाकी घालवतो. प्रतिबिंब ही, शास्त्रीयदृष्ट्या, पाण्यावरची चकाकीच. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यातून खालची दिसणार नाही. दगड दिसतील.

छोटीशी अडचण आहे. उद्या फिल्टर काढून टाकतो.


१३ मार्च, गुरुवार

सकाळी: हाताने. नाही.
नंतर: दोब्रिलाचे भांडी घासायचे रबरी मोजे घालून. मोज्यांचं बोट फाटलं.
नंतर: बरणीची झाकणं उघडायचा चिमटा. चिमट्याचे ओरखडे फिल्टरवर उठून दिसतात.
दुपारी: फ्रीझरमध्ये. धातू आकसतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण सगळाच धातू सारखा आकसतो, हे शाळेत सांगितलं नव्हतं. लेन्सला सार्डिनचा वास येतो आहे.

दोब्रिलाने मटारच्या पिशवीमागे कॅमेरा पाहिला. बराच वेळ फ्रीझरचं दार धरून उभी होती. मग म्हणाली, अडकलाय ना?

मी म्हणालो, अडकलेला नाही.

मग मी काढते ना फोटो, मोबाईलवर. दोन मिनिटांचं काम.

हे ऐकून मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. सारांश असा की मोबाईलवर लोक जेवणाचे आणि मांजरांचे फोटो काढतात, तेही उभे. समुद्र आडवा. क्षितिज आडवं. होडी आडवी. फोटो आडवाच. माझ्या घरात होडीचा उभा फोटो काढला जाणार नाही.

ती म्हणाली, जुगोत बोललास म्हणून सोडते.

ही आमच्याकडची मोठी सोय आहे. जुगोतलं भांडण धरत नाहीत. जुगोत कुणी जमीन विकत नाही, मुलीचं लग्न ठरवत नाही, केससुद्धा कापत नाही. मीही कुझ्माला फिल्टरचं सांगायचं की नाही हा निर्णय जुगो संपेपर्यंत पुढे ढकलला आहे. भित्रेपणा नव्हे. परंपरा.


१४ मार्च, शुक्रवार

खुलासा: फिल्टर काढायचा खास पाना मिळतो. असा एक पाना मी जानेवारीतच मागवला होता. केवळ कुतूहल म्हणून. पार्सल कुठे आहे ते पोस्टाच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. पलीकडे, मुख्य भूमीवर, स्प्लिट शहराच्या बंदरात आहे. बोटीची वाट बघतंय.

संतापून तक्रार नोंदवली. आमच्या बेटावरच्या टपालाच्या तक्रारी माझ्याकडेच येतात. वाचली. ग्राहकाची भाषा जरा उद्धट वाटली. उत्तर दिलं: हवामानामुळे विलंब, गैरसोयीबद्दल दिलगीर.

उत्तराने समाधान झालं नाही.

दुपारी लक्षात आलं. पाना ज्या बोटीने येणार, ट्रक त्याच बोटीने येणार. दुसरी बोटच नाही.

पुन्हा विचार केला. दोनदा तोच निष्कर्ष निघाला. डोकं दुखतंय. जुगो.


१५ मार्च, शनिवार

कुझ्मा नेरीनाला रंग देतोय.

होय. कापायच्या होडीला. दमट हवेत रंग वाळत नाही, तरी देतोय. वरून निळा, कडेला पांढरी रेघ. बसता येत नाही म्हणून उभ्याने, काठीला ब्रश बांधून. मी म्हणालो, बार्बा, कशाला एवढा खटाटोप? म्हणाला, फोटो तू काढणार, मग नीट नको दिसायला? आणि खालचीला तर फक्त बूड दिसतं हिचं. बुडाकडून चांगलं दिसलं पाहिजे.

नेमकी हीच वेळ होती सांगण्याची. तोंडही उघडलं. तो म्हणाला, तोंडात माशी जाईल पोरा, डबा धर. मी रंगाचा डबा धरला.

सगळ्या बेटावरून निघायला वाट नाही, आणि मी डबा धरून उभा.

जाताना तेता फिलोमेनाने सुके अंजीर दिले. नको म्हणालो. म्हणाली, खा, तुझ्या हातात आमची अब्रू आहे. अंजीर घशात अडकलं. फिल्टरसारखं नव्हे. अंजीर खरंच अडकलं.


१६ मार्च, रविवार

चर्चमध्ये सगळ्यांनी जुगो थांबावा म्हणून प्रार्थना केली. दुकानातलं पीठ संपत आलंय, गॅसचे सिलिंडर संपलेत, डॉक्टर पलीकडे अडकलाय. एकाच बाकावरून दोब्रिलाने थांबू दे म्हटलं आणि मी चालू दे म्हटलं. वर गोंधळ उडाला असणार. पण नवरा-बायकोकडून असे परस्परविरोधी अर्ज त्यांच्याकडे नेहमीच जात असतील.

माझी बाजू मी नीट मांडली. जुगो चालू राहिला तर बोट नाही. बोट नाही तर ट्रक नाही. ट्रक नाही तर नेरीना आहे. म्हणजे मी स्वार्थी नाही. एक जुनी होडी वाचवतोय. पीठ काय, मिळेल.

संध्याकाळी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो. दाराच्या चौकटीत फिल्टरची कडी अडकवून पिळून पाहिलं. चौकटीचा रंग निघाला.

ठराव: उद्या सकाळी उठल्याबरोबर कुझ्माकडे जाऊन सगळं सांगणार. जुगो असो वा नसो.


१७ मार्च, सोमवार

जुगो नाही.

पहाटे जाग आली ती शांततेने. खिडकी वाजत नव्हती. बाहेर समुद्र तेलासारखा. दोब्रिला आधीच उठून उभी. म्हणाली, बोट निघाल्याचा फोन आलाय. चल.

धक्क्यावर कुझ्मा, टोपी हातात, स्वच्छ शर्ट. तेता फिलोमेना काळ्या पोशाखात, मी सांगितलं नसताना. आणि नेरीना. निळी, पांढरी रेघ, आणि तिच्याखाली दुसरी, तितकीच निळी, बुडाला बूड लावून, मधे फट नाही. कुझ्मा खाली बघून म्हणाला, आली बघ. हजर.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. आडवा.

नेरीना हवेत तरंगत होती. खाली दगड. सागरी काटेरी गोळे. एक टायर. प्लास्टिकची पांढरी खुर्ची, एक पाय मोडलेली. सगळं इतकं स्पष्ट, की खुर्ची कुणाच्या घरची तेही मी सांगू शकलो असतो. फक्त खालची नव्हती.

कडी पिळली. अंगठ्याची कातडी गेली. पुढे गेलो, मागे आलो, वाकलो, पोटावर झोपलो. कुझ्मा कौतुकाने बघत होता. बहिणीला म्हणाला, बघ, कामात किती जीव ओततोय.

टोकाच्या कड्याआडून बोटीचं पांढरं नाक दिसलं.

मी म्हणालो, उजेड बरोबर नाही. कुझ्माने उजेडाकडे पाहिलं. असा उजेड मीही आयुष्यात फारसा पाहिलेला नाही. म्हणालो, थोडं थांबू. तो म्हणाला, पोरा, ती थांबेल का?

मग मी सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली. म्हणालो, बार्बा, या फिल्टरचं असं आहे, की तो... जुगो नव्हता. कशाच्या नावावर ढकलणार?

दोब्रिलाने माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली. म्हणाली, आणि खालची कुठाय? तिने खिसे चाचपले, मोबाईल घरी चार्जिंगला. बोट वळत होती. तिने माझ्या गळ्यातला पट्टा ओढून काढला, कान सोलवटला. ती मोबाईल धरते तसा कॅमेरा धरला. उभा.

मी ओरडलो, आडवा धर! आडवा!

ती म्हणाली, गप्प बस. आणि दाबलं.

बोटीची पहिली लाट आली. खालची आधी वाकडी झाली, मग तुकडे, मग नुसता निळा रंग पाण्यावर.

स्क्रीनवर दोघी होत्या. वरची आणि खालची, पूर्ण, निळ्याशार. दगड नाही, टायर नाही, खुर्ची नाही.

मला कारण लगेच कळलं. कडी फिरत नव्हती, पण कॅमेरा फिरवला की फिल्टरही त्याच्याबरोबर फिरतो. आडवा धरला की प्रतिबिंब जातं, उभा धरला की राहतं. अगदी प्राथमिक भौतिकशास्त्र. हे मला आधीपासून ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही, कारण पुस्तकात ते आहे आणि पुस्तक माझं आहे.

कुझ्माने स्क्रीन बराच वेळ पाहिली. मग टोपी घातली. ट्रकवाला कागद घेऊन आला, कुठे सही, ते दाखवू लागला. कुझ्मा त्याला म्हणाला, खालची गेली. आता हिला न्या.

होडी कापताना कुझ्मा तिथे थांबला नाही. तेता फिलोमेना थांबली. शेवटपर्यंत, पोशाखावर भुसा पडत असताना. मी तिच्या शेजारी उभा राहिलो, कारण जायला कुठे पाय निघेना.


१८ मार्च, मंगळवार

पार्सल आलं. मीच शिक्का मारला, मीच सही घेतली.

पाना उत्तम. बरोबर बसला. एका झटक्यात सगळं निघालं: फिल्टर, आणि फिल्टरबरोबर लेन्सची पुढची काच, कडीसकट. दोघी जोडीने.

म्हणजे फिल्टर अडकलेला होता असं मानायचंच असेल, तर तो आता सुटला आहे. लेन्सपासून नव्हे, कॅमेऱ्यापासून.

दोब्रिलाने वाचनालयाच्या प्रिंटरवर फोटो मोठ्या कागदावर काढून आणला.


१९ मार्च, बुधवार

भाषण झालं. गर्दी अनपेक्षित. नंतर कळलं की मागच्या खोलीत सणाचे गोड तळलेले गोळे ठेवले होते आणि तिथे जायचा रस्ता माझ्या सभागृहातून होता.

‘नेहमी’ हे उत्तर जरा घाईचं होतं, असं मी नम्रपणे सांगितलं. वापरावा: कडक उन्हात, सूर्य बाजूला असताना, ओल्या पानांवर, काचेपलीकडचं काही दाखवायचं असेल तेव्हा. वापरू नये: अंधाऱ्या चर्चमध्ये, इंद्रधनुष्य असेल तर, आणि ज्या चकाकीसाठी माणूस फोटो काढायला आलेला असतो, तिथे. कुझ्माने पहिल्या रांगेतून विचारलं, पण पोरा, एका वाक्यात? मी म्हणालो, काढता येत असेल तेव्हाच वापरावा. टाळ्या पडल्या. थोड्या. गोळे गरम होते.

फोटो भिंतीवर लावला होता. उभा. लोक येऊन माझा हात हातात घेत होते. वा मेश्तर! यावेळी कुठल्या अर्थाने, ते कळलं नाही. एकाने विचारलं, उभा का काढला? मी म्हणालो, होडी एक असती तर आडवा पुरला असता. दोन एकाखाली एक, म्हणून उभा. विचारपूर्वक.

उत्तर चांगलं होतं. दोब्रिला पलीकडे पिठीसाखरेचे हात झटकत होती. तिने ऐकलं. जुगो नव्हता, म्हणजे हे धरलं जाणार.

घरी येईपर्यंत काही म्हणाली नाही. नंतरही.


२१ मार्च, शुक्रवार

कुझ्मा दारात. हातात ओल्या गोणपाटात मोठा ऑक्टोपस. त्याच्याकडे आता परवाना नाही, होडी नाही, त्यामुळे तो कुठून आला हे मी विचारलं नाही आणि इथेही लिहीत नाही. म्हणाला, हा फोटो काढणाऱ्यासाठी. माझ्याकडे बघूनच म्हणाला. मी घेतला. आभार मानले. दार लावलं.

दोब्रिला भावाकडे गेली होती. ऑक्टोपस टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसलो. तो बघत होता. मीही.

ऑक्टोपस साफ करायचं काम आमच्या घरात लग्नापासून तिचं. मी फक्त कसा करावा ते सांगतो. आज बाह्या वर केल्या. डोकं उलटं केलं, आतलं काढलं, चोच काढली, सालपट सोलताना अर्धं नखात राहिलं. बटाटे, कांदा, ऑलिव्हचं तेल, झाकण, वर निखारे. निखारे दोनदा विझले.

ती आली. चपला काढल्या, वास घेतला, स्वयंपाकघराकडे पाहिलं. स्वयंपाकघराची अवस्था लिहिण्यासारखी नाही.

सगळ्यात जाड, मऊ तुकडे तिच्या ताटात वाढले. ताट तिच्यासमोर ठेवलं. म्हणालो, कुझ्माने दिलाय. फोटो काढणाऱ्यासाठी.

तिने एक घास खाल्ला. म्हणाली, मीठ कमी आहे.

मीठ आणून दिलं.